कवठी चाफ्याची गुटी

मॅग्नोलिया म्हटले की थंड मुलखातले झाड डोळ्यांसमोर येते. पण त्याच कुळातला एक बुटका भाऊबंद आमच्या कोकणातल्या अंगणांतही आहे. तो म्हणजे कवठी चाफा. पिएर मान्योल (१६३८–१७१५) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून हे कुळ ओळखले जाते. सोनचाफाही त्यातलाच. कबरस्तानातला पांढरा चाफा मात्र नव्हे. तो मूळचा अमेरिकेकडचा. वर्गातली मुले सगळ्यांनाच ‘चंपा’ म्हणून मोकळी होतात, आणि उर्दूत आम्ही तरी त्यांना दुसरा कोणता शब्द देणार?

आमचे झाड अम्मीने विहिरीकडेला लावले होते. वीस वर्षांत ते जेमतेम पुरुषभर वाढले. पाने मोठी, गडद, शिरा उठून दिसणारी. लिंबाएवढी हिरवट पांढरी कळी मान खाली घालून असायची. मगरिबच्या सुमारास ती उमलू लागे आणि अंधार पडता पडता वास ओटीवर येई. सकाळी पाकळ्या खाली. हे कुळ मधमाश्यांच्याही आधीचे. त्याच्या फुलांवर भुंगेरे येतात.

अब्बांच्या पश्चात वाटणी झाली आणि विहिरीकडची बाजू चाचांकडे गेली. तक्रार नाही, सगळे रीतसर झाले. त्यांना तिथे गाडीसाठी फरशी घालायची होती. धाकटा भाऊ म्हणाला, झाड मुळासकट उचलू. पण या कुळाची मुळे मांसल असतात, दुखावली की सहसा सावरत नाहीत. आमच्या झाडाने बी कधी धरले नव्हते. उरली गुटी.

जूनच्या पावसात आम्ही पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीन फांद्या निवडल्या. इंचभर साल गोल सोलली, ओले शेवाळ लावून वर प्लास्टिक घट्ट बांधले. चाचांनी दिवाळीपर्यंत काम थांबवले, हेही लिहिले पाहिजे. सप्टेंबरात दोन गाठींत मुळे दिसली, तिसरी फांदी वाळली. एक रोप चाचांना दिले. दुसरे आम्ही परसात लावले: दुपारचे ऊन टळेल अशा जागी, पालापाचोळ्याचे खत घालून, पाणी साचणार नाही असे पाहून.

अम्मीला आता नावे आठवत नाहीत. आम्हा भावंडांचीही ती सरमिसळ करते. पण कवठी चाफा उशाशी ठेवला की विचारायची, “विहिरीकडचा ना रे?”

नव्या रोपाला अजून कळी नाही. फरशी पडल्यापासून आम्ही तिच्या उशाशी बाजारातला सोनचाफा ठेवतो. तो कुठला, हे तिने अद्याप विचारलेले नाही.