पोटरीवरचा रंग

जुन्या काळातलं नाटक उभं करायचं म्हटलं की सगळ्यांची नजर आधी वरच्या अंगाकडे जाते. ब्लाउजचा गळा, बाहीची लांबी, अंबाडा, फार तर चष्म्याची फ्रेम. मी पायापासून सुरुवात करते. नटी उभी असताना तिचा काळ ब्लाउजवरून कळतो, पण ती चालायला लागली की गुडघ्याखालच्या हातभर भागावरून तो खरा वाटतो किंवा उघडा पडतो. एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेतली नाटकं आणि नृत्याचे कार्यक्रम यांची वेशभूषा मी बदलापूरला घरी बसून करते. कापड, अस्तर, बटणं, मोजे, स्टॉकिंग यांच्यासाठी उल्हासनगर गाठते. या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली: फॅशनची परदेशी पुस्तकं दशकांचा जो हिशेब मांडतात, तो आपल्या पायांना लागू पडत नाही.

तिकडची कथा सरळ आहे. बायकांचे पाय शतकानुशतकं घोळाखाली होते. १९२० च्या दशकात घोळ वर चढला, पोटरी दिसू लागली आणि स्टॉकिंगला महत्त्व आलं. साठच्या दशकात मिनीस्कर्ट आला. तेव्हा मांडीपाशी पट्ट्याने अडकवायचे मोजे खालून दिसायला लागले, म्हणून कमरेपर्यंतचे सलग टाइट्स रुळले. लंडनच्या मेरी क्वांटने ते भडक रंगांत आणले आणि पाय हा पोशाखाचा दर्शनी भाग झाला.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने गेली. नऊवारी नेसून काष्टा घातला की पोटरी उघडी राहते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. काठ पोटरीवरून तिरका जातो आणि चालताना हलतो. पायाला रंग द्यायचं काम साडीचा काठच करत होता. पुढे गोल साडी आली आणि जो पाय दिसत होता तो झाकला गेला. तिकडे पाय उघडे पडत होते त्याच दशकांत मराठी शहरी बाईचे पाय झाकले जात होते. परदेशी पुस्तक समोर ठेवून १९३५ सालची पुण्या-मुंबईची मुलगी सजवायला गेलं तर सगळंच चुकतं. मी त्याऐवजी जुने दिवाळी अंक बघते. बदलापूरच्या ग्रंथसखा वाचनालयासारखी ठिकाणं त्यासाठी मोलाची. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवर बायका कशा उभ्या आहेत, निऱ्या कुठे टेकतात, पावलं किती दिसतात, हे मी पेन्सिलीने उतरवून घेते.

पायमोज्यांचा पहिला मराठी प्रश्न थंडीचा होता. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकायला अमेरिकेला गेल्या. नऊवारीने पोटऱ्या झाकल्या जात नाहीत आणि तिथल्या हिवाळ्यात ते निभणारं नव्हतं, म्हणून त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. त्यांचं बालपण आमच्या शेजारच्या कल्याणातलं, त्यामुळे इथल्या मुलींना त्यांच्यावरचा प्रवेश हमखास करायचा असतो. अशा वेळी मी पायात जाड, गडद, लोकरीसारखे दिसणारे मोजे देते. ते प्रेक्षकांना जेमतेम बोटभर दिसतात. पण ते घातल्यावर मुलीचं पाऊल जड पडतं, आणि मला नेमकं तेच हवं असतं.

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्या बराकींमध्ये आले आणि १९४९ साली या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर सांगतात. पांढरी सुथण घातलेल्या सिंधी आज्या मी इथल्या गल्ल्यांत पाहिल्या आहेत. सैल, घोट्यापाशी मऊ पडणारी ती सुथण रंगमंचावर आणायची तर कापड पातळ आणि पुष्कळ धुतलेलं हवं, कोरं चालत नाही. गजानन मार्केट, जपानी बाजार आणि पलीकडे कॅम्प पाचातली जीन्सची दुकानं एवढं फिरलं की माझं बहुतेक सामान जमतं.

शहाडची सेंच्युरी रेयॉनही याच गावात. १९५६ पासून तिथे लाकडाच्या लगद्याचा धागा होतो. लगदा कॉस्टिकमध्ये मुरवायचा, कार्बन डायसल्फाइडने त्याचं दाट द्रावण करायचं आणि ते बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडायचं, की चकचकीत धागा बाहेर येतो. बाजारात त्याला आर्ट सिल्क म्हणत. नायलॉन येण्याआधी जगभरच्या सामान्य बायकांचे स्टॉकिंग याच जातीच्या धाग्याचे असत. चमक जास्त, ताण कमी. रेयॉन ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, म्हणून ते जपून धुवावे लागत आणि गुडघ्यापाशी, घोट्यापाशी सैल पडत. १५ मे १९४० ला अमेरिकेत सगळीकडे नायलॉनचे स्टॉकिंग विक्रीला आले आणि रेयॉन मागे पडला. मग युद्धात नायलॉन पॅराशूटकडे वळला, तेव्हा बायकांना काही वर्षं पुन्हा रेयॉनवरच भागवावं लागलं. चाळीसच्या दशकातली मुंबईची ख्रिश्चन किंवा पारशी टायपिस्ट सजवताना मी स्टॉकिंगला घोट्याशी मुद्दाम एक सुरकुती ठेवते. तो अगदी गुळगुळीत बसला की मला ती बाई आजची वाटते.

आपल्याकडे पायावर रंग परत आणला तो चुडीदाराने. १९६५ च्या ‘वक्त’मध्ये साधनाने अंगासरशी कुर्ता आणि घट्ट चुडीदार घातला आणि पुढची कित्येक वर्षं कॉलेजच्या मुली तसा शिवून घेत राहिल्या. ते कपडे कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे, ज्यांना पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं. साधना स्वतः सिंधी, जन्म कराचीचा, म्हणून उल्हासनगरच्या दुकानात तिचं नाव काढलं की वयस्क दुकानदार आपणहून कापड पुढे करतात. चुडीदार कापायचा तो उरेब. कापड तिरकं धरलं की ते थोडं ताणलं जातं, पोटरीवर बसतं आणि जास्तीची लांबी घोट्याशी चुण्या होऊन साठते. आजची होजिअरीची लेगिंग त्याच कामाची, पण चुण्या खोट्या पडतात, कारण विणलेलं कापड चुणी धरत नाही, ते गोळा होतं. साठच्या दशकासाठी मी लेगिंग कधीच देत नाही, मुलींनी कितीही गळ घातली तरी.

सत्तरच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बेलबॉटमने पाय पुन्हा झाकला. कॅबेरेच्या नाचात मात्र जाळीचे आणि अंगाच्या रंगाचे स्टॉकिंग होते, आणि तिथूनच आमच्या धंद्यातला सगळ्यात चिवट प्रश्न सुरू होतो: अंगाचा रंग म्हणजे कुणाच्या अंगाचा?

दुकानात ‘स्किन’ म्हणून जी जोडी मिळते ती बहुतेक वेळा गुलाबीसर असते. आपल्या मुलीच्या सावळ्या पायावर ती चढवली की दिव्याखाली पाय राखेरी दिसतो. उपाय सोपा आहे. कडक चहा उकळायचा, गाळायचा, त्यात भिजवलेली जोडी सोडायची आणि हलवत राहायचं. नायलॉन चहा चांगला धरतो. दर थोड्या वेळाने बाहेर काढून बघायचं, पण नुसतं धरून नाही. हात आत घालून, बोटं फाकवून, पोटरीवर ताणेल तितकं ताणून बघायचं. ताणलं की विणीची छिद्रं उघडतात, रंग एकदम फिका होतो आणि त्यातून खालची कातडी दिसायला लागते. पातेल्यात जो रंग बरोबर वाटतो तो पायावर कधीच बरोबर नसतो, त्याहून गडदच हवा.

भडक रंगांनाही हेच लागू. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. पंधरा-वीस डेनियरच्या जोडीत निम्मा रंग कातडीचा असतो. त्यामुळे आकाशी मळकट होतो, बेबी पिंक मातकट होतो. याउलट डाळिंबी, आमसुली, मोरपिशी, बाटलीहिरवा, हळदी हे रंग सावळ्या पायावर आणखी खोल होतात, गोऱ्या पायावर जितके खुलणार नाहीत तितके इथे खुलतात. परदेशी शेडकार्डं ज्या पायांसाठी बनली ते पाय आपले नाहीत. फिका रंग हवाच असेल तर ऐंशी डेनियरचं जाड घ्यावं, त्यातून कातडी दिसत नाही.

असे रंग तयार मिळत नाहीत, म्हणून मी पांढऱ्या जोड्या घेऊन घरीच रंगवते. नायलॉनला ॲसिड डाय लागतो, सुतीचा रंग त्यावर नीट बसत नाही. जोडीचं वजन तीस-चाळीस ग्रॅम, म्हणजे गडद छटेलाही रंगाची पूड ग्रॅमभर पुरते. कोमट पाण्यात जोडी आधी पूर्ण भिजवायची, मग रंग, मग चमचाभर व्हिनेगर, आणि आच हळूहळू वाढवायची. घाई केली की डाग पडतात. खळखळून उकळू द्यायचं नाही, कारण आतलं इलॅस्टिक मरतं. शिवण पॉलिएस्टर दोऱ्याची असेल तर ती पांढरीच राहते, म्हणून विकत घेतानाच मी जोडी उलटी करून शिवण बघते. जमून आलं की शेवटी पातेल्यातलं पाणी जवळजवळ नितळ होतं, रंग सगळा धाग्यात गेलेला असतो. मला हा क्षण फार आवडतो. वालधुनी नदीच्या काठाने मी वर्षानुवर्षं जाते आहे. जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांमुळे तिचं पाणी निळं-काळं झालेलं या भागातल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. माझ्या पातेल्याने त्या नदीत कितीसा फरक पडणार! तरी पाणी नितळ झाल्याशिवाय मी गॅस बंद करत नाही.

नऊवारीखाली रंगीत स्टॉकिंग घालावं का, असं नृत्याच्या मुली विचारतात. घालावं, पण साडीच्या अंगाचा रंग घेऊ नये, काठाचा घ्यावा. चिंतामणी रंगाची साडी आणि लाल काठ असेल तर पोटरीवर गडद आमसुली. मग काठ पायावर उतरल्यासारखा दिसतो आणि काष्ट्याचा जुना डौल मोडत नाही. घुंगरांखाली मात्र सुती पट्टी बांधायलाच हवी, नाहीतर पितळ नायलॉन ओढतं आणि धागा सुटतो. सुटलाच तर दोन्ही टोकांना बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब लावायचा, तो तिथेच थांबतो.

सध्या साठच्या दशकातल्या अंबरनाथच्या एका घरावरची एकांकिका हातात आहे. धाकट्या बहिणीला पांढरा कुर्ता ठरला आहे. चुडीदार हळदी की बाटलीहिरवा, यावर दिग्दर्शकाशी वाद चालू आहे. दिव्यांना पिवळे-अंबर कागद लागणार आहेत आणि त्यांच्याखाली हिरवा काळवंडतो. म्हणून मी हळदीच्या बाजूने आहे. दोन्ही रंगवून शनिवारी तालमीत दिव्याखाली धरणार आहे.