अण्णांचा लेथ, दोन मोटारी आणि एक वही

मंडळी, आज छाटणी नाही की फवारणी नाही, लेथवर लिहितोय. पण विषय शेतीचाच आहे. फळछाटणीनंतर बाग पोंग्यात-फुलोऱ्यात असताना पाऊस लागला, की डाऊनीसाठी आपल्या हातात तास असतात, दिवस नसतात. नेमका त्याच वेळी ब्लोअरचा बुश गेला किंवा एचटीपी पंपाच्या जोडणीचे आटे गेले, तर औषध टाकीत राहतं आणि रोग पानावर चढतो. तालुक्याला वर्कशॉप आहेत, पण हंगामात तिथं नंबर लावावा लागतो. म्हणून गावात लेथ चालू असणं हा बागेचा विमाच समजा.

आमच्याकडे तो लेथ अण्णांचा. तीन फुटी, बेल्टवर चालणारा. अण्णा जुने आयटीआयचे कातारी. आता साठी उलटली, व्हर्नियरच्या रेघा नीट दिसत नाहीत. मुलगा चाकणला कंपनीत. भंगारवाला किलोचा भाव सांगूनही गेला होता. आम्ही चार बागायतदारांनी वर्गणी काढली आणि अण्णांना म्हणालो, "लेथ तुमचाच राहू द्या, आपण त्याला मोटारी आणि कॉम्प्युटर बसवू." अण्णा एवढंच म्हणाले, "मग माझं काम काय रे उरणार?"

पहिलं काम मोटारींचं नव्हतं, ढिलाईचं होतं. आडव्या स्लाईडला डायल गेज लावला आणि हँडल उलटं फिरवलं, तर काटा हलायच्या आधी हँडल बराच वेळ रिकामं फिरायचं. जुना कारागीर ही ढिलाई हातानं सांभाळतो, कायम एकाच बाजूनं माप गाठतो. कॉम्प्युटरला आकडा देऊन ती भरून काढता येते, पण कापताना जोर आला की स्लाईड तेवढीच सरकते. म्हणून जुना स्क्रू काढून ५ मिमी पिचचा बॉल स्क्रू घातला, स्लाईडच्या पट्ट्या आवळल्या. एक ध्यानात ठेवा, बेड चकाजवळ झिजला असेल तर कॉम्प्युटर ती झीज भरून काढत नाही. लेथ निवडताना ते आधी बघा.

आता हिशोब. स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हरवर एका पावलाचे ८ भाग केले की १६०० होतात. ५ मिमीला १६०० नं भागलं, म्हणजे एका भागाला साधारण ०.००३ मिमी. लेथवर व्यासात फरक दुप्पट पडतो, म्हणजे ०.००६. कागदावरचा हा आकडा जसाच्या तसा जॉबवर उतरत नाही, ते स्क्रू आणि मशीनच्या मजबुतीवर ठरतं. पण ब्लोअरच्या बुशला एवढं पुरून उरतं.

मुख्य मोटार व्हीएफडीवर घेतली. थ्री फेज कधी येते ते तुम्हाला सांगायला नको! सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी थ्री फेज मोटार फिरवतो, मात्र त्यासाठी मोटार २३० व्होल्टला डेल्टामध्ये जोडता यायला हवी. आधी प्लेट वाचा, आणि काम जाणत्या वायरमनकडून करा.

खरा फायदा आट्यांत. पाइपाचे आटे अर्धा आणि पाऊण इंचीला इंचाला १४, एक इंचीपासून पुढं ११. पूर्वी प्रत्येक वेळी गिअर बदलायचे, हात काळे. आता मुख्य दांड्यावर दातेरी पट्ट्यानं एन्कोडर बसवलाय, दांडा कुठल्या कोनात आहे ते कॉम्प्युटरला कळतं आणि प्रत्येक कट त्याच जागी सुरू होतो. राउटरसाठी मिळणारे स्वस्त बोर्ड बहुतेक हे करत नाहीत, घेताना विचारून घ्या. आम्ही लिनक्ससीएनसी वापरतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतल्या कामातून तो पुढं आला, आणि फुकट आहे. जुन्या कॉम्प्युटरवर चालला. सगळा खर्च एका बऱ्या बैलजोडीच्या किमतीत बसला.

सुरक्षेच्या तीन गोष्टी. लाईट गेली की साध्या स्टेपरची जागा हरवते, परत आल्यावर शून्य नव्यानं धरायचा. आणि लाईट आल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, त्यासाठी कॉन्टॅक्टर आणि हाताशी लाल बटण. दुसरं, चक आट्यांवर बसणारा असेल तर व्हीएफडीनं झटक्यात थांबवू किंवा उलटं फिरवू नका, चक सुटून अंगावर येतो. थांबायचा वेळ वाढवून ठेवा. तिसरं, गळ्यातला टॉवेल बाहेर खुंटीला.

आता अण्णांच्या प्रश्नाचं. माझी पुतणी आयटीआयला आहे, ती प्रोग्राम लिहिते. पण प्रोग्राम विचारतो, फेरे किती, कट किती, चाल किती? ते कॉम्प्युटरला ठाऊक नसतं. अण्णा सांगतात, "गनमेटलला टूलचं तोंड सपाट ठेव पोरी, वर उतार दिलास की आत घुसतं." डोळे गेले तरी कान शाबूत आहेत. आवाज बदलला की ते लांबूनच म्हणतात, "टूल बसलं, काढ." प्रत्येक धातूचे फेरे, कट, टूलचा कोन असं सगळं पुतणी वहीत उतरवतेय. एकच साधा बुश असेल तर चांगला कातारी आजही हातानंच लवकर करतो. पण सारखे पाच बुश, टेपर आणि आटे असले की मशीन पुढं जातं.

मला या वहीची किंमत मोटारींपेक्षा जास्त वाटते. मोटारी बाजारात मिळतात, अण्णा मिळत नाहीत. तुमच्या गावात असा लेथ आणि असा माणूस असेल, तर भंगाराचा भाव ठरवायच्या आधी एखादं चुणचुणीत पोर त्यांच्याजवळ बसवा. मोटारी वर्षभरानं लावल्या तरी चालतील.