खिडकीची जागा

आमचा भाचा परदेशी नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात तो मुंबईस यावयाचा होता आणि त्याच्या कंपनीने, कधी नव्हे ते, त्याला विमानाच्या पहिल्या वर्गाचे तिकीट काढून दिले होते. त्या तिकिटाचा आनंद त्याला फार वेळ उपभोगता आला नाही, कारण लगेच आसन निवडण्याचा प्रश्न उभा राहिला. त्याने आम्हांस विमानाचा नकाशाच पाठविला. पुढच्या भागातील मोजकी आसने, त्यांचे क्रमांक, खानपानाची जागा कोठे, स्वच्छतागृह कोठे, कोणत्या आसनाशेजारून सारखी ये-जा असते, हे सारे त्याने शाईने नोंदविले होते. खाली प्रश्न होता : ‘मामा, तू कोणती जागा घेतली असतीस?’

विमानाच्या पहिल्या वर्गाशी आमचा संबंध एवढाच की मागच्या आपल्या आसनाकडे जाताना त्यातून ओशाळल्यागत वाट काढावी लागते. तरीही प्रश्न ओळखीचा वाटला. १९९२ ते २०१९ अशी सत्तावीस वर्षे बोरिवलीच्या फलाटावर रोज सकाळी आम्ही तोच सोडवीत आलो होतो. त्याच्यापाशी विचार करावयास तीन आठवडे होते. आमच्यापाशी गाडी फलाटास लागून थांबेपर्यंतचे काही क्षण असत.

उपनगरी गाडीचा पहिला वर्ग ही मोठी विलक्षण संस्था आहे. डबा तोच, चाके तीच, पंखेही तेच. मध्ये एक आडभिंत किंवा जाळी, आणि बाकांवर थोडी गादी. या गादीसाठी दुसऱ्या वर्गाच्या कित्येक पट भाडे मोजावयाचे आणि गर्दीच्या वेळी तिच्यापासून हातभर अंतरावर उभे राहावयाचे, असा हा व्यवहार. सुखाचे तिकीट मिळते, सुखाची जागा मिळत नाही. ती रोज नव्याने मिळवावी लागते, आणि म्हणूनच तिचे शास्त्र तयार होते.

ते शास्त्र असे. चर्चगेटकडे जाणारी गाडी साधारण दक्षिणेकडे धावते. सकाळचे ऊन पूर्वेचे, म्हणजे डावीकडचे. तेव्हा उजवी बाजू सावलीची. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेकडे आणि ऊन पश्चिमेचे, म्हणजे पुन्हा डावीकडचेच. जाताना-येताना उजवीकडे बसावे, हा पहिला नियम. वारा समोरून येतो, म्हणून गाडीच्या दिशेला तोंड असलेली खिडकी घ्यावी, हा दुसरा. सकाळच्या उजव्या खिडकीला आणखी एक लाभ असे : चर्नी रोड सुटल्यावर मरीन लाइन्सच्या सुमारास इमारतींच्या फटींतून समुद्र दिसे. पावसाळ्यात मात्र सारे गणित उलटे होई. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, आणि सकाळी उजवी खिडकी नेमकी पश्चिमेकडे उघडते. तिची झडप निम्म्या वेळा अर्ध्यावर अडकलेली. तेव्हा जून लागला की जाणकार मंडळी निमूटपणे डावीकडे सरकत. मुलुंडहून येणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्यांनी मध्य रेल्वेसाठी असाच तक्ता मनात बांधला होता. त्यांची गाडी नैर्ऋत्येच्या रोखाने उतरते, त्यामुळे सकाळचे ऊन पाठीशी आणि डावीकडे. घाटकोपरपर्यंत बसावयास मिळाले नाही तर पुढे आशा सोडावी, हा त्यांचा अनुभवसिद्ध निष्कर्ष.

हे सारे ठाऊक असूनही खिडकी मिळेच असे नाही. बोरिवलीहून सुटणारी गाडी ही बहुधा चर्चगेटहून आलेलीच गाडी असते. कांदिवली-मालाडची काही मंडळी उलट्या दिशेने तिच्यात बसून बोरिवलीपर्यंत येत आणि तशीच बसून परत फिरत. यास ‘रिटर्न मारणे’ म्हणतात. आम्ही शास्त्र मनात घोळवीत डब्यात शिरावे, तो खिडकीत पेपर उघडून कुणी आधीच बसलेले. त्यांच्याविषयी आमच्या मनात जो क्रोध दाटे, तो आज आठवला की लाज वाटते. आणि एका वर्षी आम्ही चर्नी रोडवरून उलटे चर्चगेटला जाऊन संध्याकाळची खिडकी पटकावू लागलो, तेव्हा तो क्रोध कोठे गेला, हेही आठवते.

वडील याच मार्गाने तीस वर्षे गेले, परंतु दुसऱ्या वर्गाने. गिरगावातील दोन खोल्या सोडून बोरिवलीस बिऱ्हाड हलविल्यापासून त्यांच्या वाट्यास आली ती ‘चौथी सीट’. बाक तिघांचे, चौथ्याने कडेला निम्मे टेकावयाचे आणि उरलेला भार मार्गिकेतल्या पायावर तोलावयाचा, ही मुंबईची अलिखित तरतूद. या चौथ्या सीटला कोणतेही शास्त्र लागू पडत नाही. तिला ऊनही नाही, वाराही नाही. तिचा आधार एकच : आधीचे तिघे थोडे आकसून बसतात. आम्ही पहिला पास काढला तेव्हा वडिलांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, ‘तिथे सरकून घेतात का?’ आम्ही म्हटले, ‘क्वचित.’ त्यांनी पास परत दिला. आणखी काही बोलले नाहीत.

११ जुलै २००६ च्या मंगळवारी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत स्फोट झाले. माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही आमच्या रोजच्या उच्चारातली नावे त्या रात्री बातम्यांतून वेगळीच ऐकू आली. सातही स्फोट पहिल्या वर्गाच्या डब्यांत झाले होते. १८० हून अधिक माणसे गेली. आम्ही त्या दिवशी लवकर घरी आलो होतो. त्यामागे काही पूर्वसूचना वगैरे नव्हती. एक तास रद्द झाला होता, एवढेच.

आमच्या सकाळच्या कंपूतील एक गृहस्थ त्या सातांपैकी एका गाडीत होते. शास्त्रात ते आमचे गुरू. कोणत्या डब्यातील कोणत्या खिडकीची झडप बिघडलेली असते, हे त्यांना पाठ असे. आदल्या दिवशी त्यांचा पास संपला होता, रांग लांब होती, म्हणून त्या संध्याकाळी ते दुसऱ्या वर्गाचे तिकीट काढून शेजारच्या डब्यात उभे राहिले. ते वाचले. पुन्हा पहिल्या वर्गाचा पास मात्र त्यांनी काढला नाही. भीती वाटते का, असे आम्ही एकदा विचारले. ते म्हणाले, ‘भीती नाही हो. त्या बाकावर बसलो की कोणाच्या तरी जागेवर बसल्यासारखं वाटतं.’

दुसऱ्या दिवशी गाड्या धावत होत्या आणि आम्हीही गेलो. मुंबईच्या या धावण्याला जिद्द म्हणण्याची पद्धत पडली. आमच्यापुरते सांगावयाचे तर ती जिद्द नव्हती, हजेरीपट होता. डब्यात मात्र एक बदल आम्ही पाहिला. ऊन-वाऱ्याचा हिशेब करणारी माणसे आधी वर सामानाच्या फळीकडे पाहत, मग वाकून बाकाखाली, आणि मग बसत. कोणाची पिशवी ही, असे विचारणारा आवाज दर स्थानकानंतर उठे. काही आठवड्यांनी वाकणे थांबले. फळीकडे पाहणे आमचे २०१९ पर्यंत टिकले.

२०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची शिक्षा रद्द करून त्यांना निर्दोष ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, अशी स्थगिती दिली. म्हणजे एकोणीस वर्षांनंतर, त्या डब्यांत काय ठेवले गेले आणि कोणी, या प्रश्नापाशी आपण पुन्हा उभे आहोत. मेलेल्यांच्या घरच्यांना हा प्रश्न कसा ऐकू येत असेल, याची कल्पना करवत नाही. आणि ज्यांची वर्षे तुरुंगात गेली त्यांच्या बाबतीतही करवत नाही. उत्तम जागेचा विचार करू लागलो की आमचे मन हटकून येथे येऊन थांबते. जागा निवडणारा स्वतःला हिशेबी समजतो. ज्या हिशेबावर सारे अवलंबून असते, तो त्याच्या हाती नसतो.

शास्त्रही आता कालबाह्य होत चालले आहे. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली; तीत वर्गच नाहीत आणि बाके खिडकीला पाठ लावून आहेत. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून पहिली वातानुकूलित उपनगरी गाडी निघाली. तिच्या खिडक्या उघडत नाहीत. वारा सर्वांस सारखा. ही प्रगतीच आहे, आणि दारातून पडून मरणाऱ्यांची आठवण असलेल्या कोणीही बंद दाराविरुद्ध बोलू नये. तरीही वारा कोणत्या बाजूचा, हे ज्ञान आमच्यासारख्यांबरोबर संपेल, याचे थोडे वाईट वाटते.

भाच्याला आम्ही कळविले : उजवीकडची खिडकी घे. त्याने घेतली. उतरल्यावर विचारले तर म्हणाला, ‘झोपलो होतो रे. खिडकी बंदच होती.’

काही कामानिमित्त त्याच आठवड्यात दुपारी अंधेरीहून बोरिवलीस यावयाचे होते. विरारची धीमी गाडी मिळाली. पहिल्या वर्गात खिडकी रिकामी होती. आम्ही त्याला तेथे बसविले आणि स्वतः शेजारी बसलो. गोरेगावला डबा भरला. पाठीवर जड पिशवी घेतलेला एक मुलगा आमच्या बाकापाशी येऊन उभा राहिला आणि त्याने भाच्याला विचारले, ‘कुठे?’ भाच्याला प्रश्न कळला नाही. आम्ही म्हटले, ‘बोरिवली.’ मुलाने मान हलविली आणि बाकाच्या कडेला हात ठेवून निश्चिंत झाला. जागा त्याची झाली होती, हे डब्यात सर्वांस कळले, भाच्याला सोडून.

कांदिवली सुटताच आम्ही भाच्यास उठविले. तो म्हणाला, अजून स्टेशन यायचे आहे ना? आम्ही म्हटले, ऊठ. मुलगा आत सरकला, पिशवी मांडीवर घेतली, आणि बसता बसता त्याची नजर क्षणभर वर फळीकडे गेली. २००६ मध्ये तो फार तर दोन-तीन वर्षांचा असेल. कोणाकडे पाहून शिकला, कोण जाणे. मग शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्याने हाताने खूण केली आणि तिसऱ्या माणसास जरा आत सरकावयास सांगितले.