गंगाखेड रस्त्यावरचा वर्गमित्र



परभणीच्या नावाच्या दोन म्हणी आपल्याकडे लहानथोरांना पाठ आहेत. एक, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. दुसरी, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. पहिली आम्ही परभणीकर छाती फुगवून म्हणतो. दुसरीचा अर्थ जो तो आपल्या परीने लावतो. मी लावतो तो असा, की बाहेर जमले तर उत्तम, नाही जमले तर आपली माती कुठे पळून गेली? गेल्या पौषात या दुसऱ्या म्हणीची मला फार आठवण झाली. ती हकिकत तुम्हाला सांगतो.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, १९७३ साली परभणीत मॅट्रिक झाले. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. पुढे ते शिक्षक झाले, निवृत्तही झाले. आता त्यांच्या वर्गाने स्नेहमेळावा भरवायचे ठरवले. सगळे सत्तरीच्या घरातले. शाळेतल्या जुन्या निकालावरून यादी केली. अडतीस नावे निघाली. त्यातली नऊ माणसे देवाघरी गेलेली. यादी दादांच्या हाती आली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "यात गंगथड्या नाही."

"ते कोण?"

"निकालात नाव कसं असेल? परीक्षेलाच बसला नाही तो."

गोदावरीला आपल्याकडे गंगा म्हणतात आणि तिच्या काठाला गंगथडी. त्या काठच्या गावातून आलेला, म्हणून वर्गात त्याला सगळे गंगथड्या म्हणत. दादा आणि तो परभणीत एकाच खोलीत राहून शिकत होते. घरून भाकरीचा डबा एस.टी.ने यायचा. मुले स्टँडवर जाऊन आपापला डबा उतरवून घ्यायची.

१९७२ चे साल जुन्या माणसांना सांगायला नको. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. मी तेव्हा तीन वर्षांचा. मला आठवते ते फक्त आईने केलेली मिलोची लालसर भाकरी. परदेशातून आलेले ते धान्य रेशनवर मिळायचे. ज्वारीच्या मुलखात ज्वारी नव्हती. नदीच्या वाळूत झिरे खणून लोक वाटी-वाटीने पाणी भरत. माणसे खडी फोडायला, नालाबंडिंगला जात. पुढे जी रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर झाली, तिची पाळेमुळे त्याच कामांत आहेत.

दिवाळीनंतर गंगथड्याचा डबा येईनासा झाला. चाऱ्यावाचून त्याच्या वडिलांनी बैलजोडी विकली होती. एके दिवशी तो गावी निघाला. जाताना खोलीत पायलीभर ज्वारी आणि आपली सगळी पुस्तके ठेवून गेला. म्हणाला, "म्हैनाभरात येतो." तो आलाच नाही. दादांकडे स्वतःची पुस्तके नव्हती. ते त्याच्याच पुस्तकांवर मॅट्रिक झाले.

"मग तुम्ही त्यांना कधी भेटलात?" मी विचारले.

दादा काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "उद्या गाडी काढ."

परभणीहून गंगाखेड चाळीसेक किलोमीटर. या रस्त्याने मी नोकरीत शेकडो वेळा गेलो आहे, पण त्या दिवशी दादांबरोबर जाताना तो निराळाच वाटला. परभणी मागे पडली की दोन्ही बाजूंना काळी, भारी जमीन लागते. रब्बीची ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडून दाण्यात आली होती. हरभरा घाट्यांनी लगडला होता. पोखर्णीला दादांनी गाडी थांबवायला सांगितली आणि नृसिंहाचे दर्शन घेतले. दैठणा गेले. पुढे ऊस दिसू लागला, तेव्हा गंगथडी जवळ आल्याचे कळले. नदीपलीकडे गंगाखेड, संत जनाबाईंचे गाव. आम्ही अलीकडेच आत वळलो.

दादा म्हणाले, "एवढाच रस्ता आहे बघ. पण मला यायला पन्नास वर्षं लागली. आधी वाटायचं, पुस्तकं परत द्यायची तर रिकाम्या हातानं कसं जावं. मग नोकरी लागली, तेव्हा वाटलं, तो म्हणेल, माझ्या पुस्तकांवर मास्तर झाला. मग वय झालं."

गंगथडे आखाड्यावर होते. कपाळाला हात लावून त्यांनी आमच्याकडे पाहिले. दादांनी नाव सांगितले नाही, नुसते "गंगथड्या" म्हटले. त्या नावाने त्यांना पन्नास वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. हातातले विळा-दोर खाली ठेवून ते म्हणाले, "कोण, पिंगळीकर का?" आमचे गाव पिंगळीच्या बाजूचे.

चहा झाला. मेळाव्याचे निघाले. गंगथडे मान हलवू लागले. "म्या यिऊन काय करू? तुम्ही सगळे मॅट्रिक. मव्हं नाव तुमच्या यादीत तरी हाय का?"

दादा गप्प झाले. तेवढ्यात वहिनी चुलीपासून म्हणाल्या, "दरसाली म्हन्तेत, परभणीला गेलो की शाळा बघून येतो. बाजार करून वापस येतेत. भाऊजी, तुम्ही नेऊनच टाका यांना."

मेळाव्याला मी दादांचा गाडीवान म्हणून हजर होतो. सकाळी सत्कार, हारतुरे झाले. मग एकेक जण उठून आपले सांगू लागला. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी रेल्वेतून, कुणाची मुले पुण्यात, कुणाची अमेरिकेत. ऐकायला बरे वाटत होते, पण सगळ्यांचे बोलणे सत्काराच्या भाषणासारखे होते. गंगथडे मागच्या बाकावर बसले होते. त्यांची पाळी आली. ते उठले आणि म्हणाले:

"बापाची सहा एकर व्हती. ती सहाच हाय. इकली न्हाई. बैल इकल्यावर दोन वर्सं खडी फोडली, मग जोडी घेतली. दोन बहिनी उजवल्या, दोन पोरी उजवल्या. शाळा तेवढी राह्यली." आणि खाली बसले.

वर्गात कुणी हलले नाही. मग रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ न बोलावता परत उठले. म्हणाले, "मघाशी मी सगळं सांगितलं नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये दिवस दिवस बोलायला माणूस नसतं." त्यानंतर लोक खरे बोलू लागले. कुणी साखरेचा आजार सांगितला, कुणी भावाशी मोडलेले बोलणे सांगितले. एकाचा मुलगा चाळिशीला आला तरी लग्न जमेना, शेतकऱ्याला कुणी मुलगी देईना. पहिल्या भाषणांत यातले काही नव्हते.

जेवणानंतर एक उपयोगाची गोष्ट झाली, ती मुद्दाम सांगतो. गंगथड्यांच्या सहा एकरांचा सातबारा अजून वारलेल्या वडिलांच्याच नावावर असल्याचे बोलता बोलता कळले. "आपलीच जमीन हाय, कोन नेतंय," म्हणून ते राहून गेलेले. त्यामुळे पीककर्ज नाही, आणि आता योजनांसाठी लागणारा शेतकरी ओळख क्रमांकही नाही. वर्गातले एक जण तलाठी म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तिथेच कागद घेऊन वारस नोंदीचा अर्ज लिहून दिला. वडिलांचा मृत्यूचा दाखला जोडायचा, सगळ्या वारसांची नावे लिहायची, बहिणींची सुद्धा. तलाठ्याकडे वारस नोंद होते, फेरफार धरला जातो, हरकतीसाठी नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. ते बजावून म्हणाले, "बहिणींना विचारल्याशिवाय त्यांचं नाव गाळायचं नाही." तुमच्या घरीही असा सातबारा असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी त्याचे बघा. म्हाताऱ्या माणसांच्या हयातीत जे एका अर्जाने होते, त्यासाठी पुढे नातवांना कोर्टाची पायरी चढावी लागते.

संध्याकाळी सगळे एका मित्राच्या शेतात हुरड्याला गेलो. आगटी पेटली. शेतात 'परभणी मोती' होती, आपल्याच विद्यापीठाचे वाण. मला राहवले नाही. मी सांगितले, की २०१८ साली विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारीही काढली. गंगथडे कणसे चोळता चोळता म्हणाले, "साहेब, त्या साली आम्ही मिलो खाल्ला." कुणीतरी हसले, मग सगळेच हसले. त्या हुरड्याची चव मला अजून आठवते.

निघताना दादांनी पिशवीतून एक जुने बीजगणिताचे पुस्तक काढले. बाकीची पुस्तके हरवली होती, एवढे एकच राहिले होते. पहिल्या पानावर गंगथड्यांचे नाव त्यांच्याच अक्षरात. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचले आणि दादांना परत दिले. "आता मला दिसत न्हाई नीट. तूच ठेव. पण दर पौषात दाखवायला आन." डोळ्यांत मोतीबिंदू होता. तपासणीला न्यायची जबाबदारी रेल्वेवाल्यांनी घेतली. तेवढ्यासाठी ते पुण्याला जायचे चार दिवस लांबणीवर टाकायला खुशीने तयार झाले.

बंधू-भगिनींनो, हल्ली गावोगाव जुन्या विद्यार्थ्यांचे मेळावे होतात. फार चांगली गोष्ट आहे. माझे सांगणे इतकेच, की यादी निकालावरून करू नका, हजेरीपटावरून करा. परीक्षेआधी जी मुले जनावरांमागे, कामावर, ऊसतोडीला गेली, तीही त्याच बाकावर बसत होती. बहुतेक तीच आज गावात आहेत. बाहेर गेलेल्यांना 'नहीं तो परभणी' म्हणता येते, कारण कुणीतरी मागे राहून ती परभणी राखली आहे.

आणि मुलींना विसरू नका. दादांच्या वर्गात दोन मुली होत्या. एक आली होती. दुसरीचे लग्न दहावीतच झाले, त्यामुळे तिचेही नाव यादीत नव्हते. माहेर झरीकडचे, सासर जिंतूर तालुक्यातले, एवढाच माग लागला आहे. पेरण्या उरकल्या की दादा मला गाडी काढायला सांगणार आहेत.