आयर्विन पुलाच्या वरच्या अंगाला

कृष्णेच्या पुराची चर्चा सांगलीत आयर्विन पुलाच्या पातळीपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा अलमट्टी धरणापाशी जाऊन थांबते. पुलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे सातारा जिल्ह्यात, काय घडते याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले आणि दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट या वस्त्यांच्याही पलीकडे शहरात शिरले.

अलमट्टीची उंची 519.6 मीटरवरून 524.256 मीटर करण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव महाराष्ट्राला मान्य नाही, आणि त्याला विरोध करण्याचा हक्क पूरग्रस्तांना निश्चितच आहे. तथापि 2019 च्या महापुराचे मूळ त्या धरणात नव्हते, असा निष्कर्ष त्या पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने काढला, तो पुराव्याच्या आधारे खोडण्याऐवजी बाजूला सारण्यातच सर्वांनी समाधान मानले, ही खेदाची बाब आहे. फुगवटा, म्हणजे पुढे वाट न मिळाल्याने पाणी मागे तुंबून चढणे, हा केवळ धरणामुळे येत नाही. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, व या नद्या एकाच वेळी भरून आल्या की कृष्णेचे पाणी सांगलीपाशीच थबकते. शिवाय 105.25 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) क्षमतेच्या कोयना धरणाचा विसर्ग दरवाजांनी नियंत्रित करता येतो. परंतु धरणाखालच्या मुक्त पाणलोटात, म्हणजे ज्या क्षेत्रातील पाणी कोणत्याही धरणात न अडता थेट नदीत येते तेथे, पडणाऱ्या पावसाला दरवाजा नसतो. कमी दिवसांत जास्त पाऊस पडण्याचे प्रमाण हवामानबदलामुळे वाढत असताना हा भाग अधिकाधिक निर्णायक ठरणार आहे.

या पाणलोटातील ओढे, नाले आणि बांधकाम परवाने ग्रामपंचायती, नगरपरिषदा व महापालिका यांच्या अखत्यारीत येतात. राज्यघटनेच्या 243 झेडडी या अनुच्छेदाने जिल्हा नियोजन समितीवर ग्रामीण व नागरी संस्थांच्या समान हिताचे विषय, त्यांत पाण्याची वाटणीही, एकत्र विचारात घेण्याची जबाबदारी टाकली. परंतु ही समिती जिल्ह्याच्या हद्दीवर संपते आणि नदी संपत नाही. सातारा जिल्ह्यातील कराडजवळ पूररेषेच्या आत भराव पडला, तर त्याची किंमत खालची गावे मोजतात, आणि तो रोखण्यात त्यांचा काहीही शब्द नसतो.

म्हणून सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी एकत्र काम करायचेच असेल, तर सुरुवात येरळेपासून करणे अधिक व्यवहार्य आहे. ही नदी साताऱ्याच्या दुष्काळी खटाव तालुक्यातून सांगली जिल्ह्यात येते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. याच ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 रोजी पुरातून लोकांना बाहेर नेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. वर टंचाई आणि खाली महापूर अशी दोन्ही संकटे एकाच नदीकाठी असल्याने पर्जन्यमापके, ओढ्यांचे रुंदीकरण, बंधाऱ्यांची दुरुस्ती आणि नावांची देखभाल यांचा एकच आराखडा दोन्ही जिल्हा परिषदांना व काठच्या ग्रामपंचायतींना करता येईल. खरी अडचण खर्चाची आहे: वरच्या गावाने नदीकाठची जमीन मोकळी ठेवली, तर त्याचा लाभ खालच्या गावाला होतो, म्हणून त्या जमिनीचा मोबदला खालच्यांनीही उचलला पाहिजे, आणि हे सूत्र मान्य झाल्याशिवाय वरच्या सरपंचाला बांधकाम परवानगी नाकारायला सांगणे अन्यायाचे होईल.