साडेपाच फुटांचा कोपरा

कबड्डीच्या निवड चाचणीला दोन वस्तू हमखास लागतात : वजनाचा काटा आणि भिंतीवरची उंचीची पट्टी. काटा नियमापोटी येतो. किशोर गटात वय सोळाच्या आत आणि वजन ५५ किलोंच्या आत, हा वर्षानुवर्षांचा दंडक. पट्टीला मात्र नियमपुस्तकात कुठंच जागा नाही. गडी किती उंच असावा याबद्दल कबड्डीचे नियम अवाक्षर काढत नाहीत. तरीही पोरगं पट्टीखाली उभं राहून 'पाच फूट दोन' असा पुकारा झाला, की टेबलाशी बसलेल्या आम्हा मंडळींची पेनं पुढच्या नावाकडं सरकतात.

चढाई करणारा पोरगा बुटका असला तर चालून जातं. 'चपळ आहे, सापडायचा नाही,' असं म्हणून त्याच्या नावापुढं खूण होते. अडचण येते ती बचावातल्या बुटक्याची. ज्यानं दुसऱ्याला धरून ठेवायचं तो अंगानं दांडगा हवा, हे इतकं उघड वाटतं की त्याची शहानिशा करायची कुणाला गरजच भासत नाही. जामखेड तालुक्यातली पोरं घडवता घडवता आणि निवडीच्या टेबलाशी बसता बसता माझं मत असं झालं आहे, की हा प्रश्न उंचीचा कमी आणि जागेचा जास्त आहे.

मैदानाची मापं घ्या. मोठ्यांचं मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, बोनस रेषा पावणेपाचवर आणि अंतिम रेषा साडेसहावर. बोनस रेषेच्या मागं उरते फक्त पावणेदोन मीटरची पट्टी. कोपऱ्यातल्या गड्याचा संसार त्या पट्टीत. कव्हरचा गडी त्याच्या पुढं. आता सहा फुटी चढाईपटूला कव्हरनं निदान रेषेवर अडवलं असं समजा. तो आडवा पडला आणि हात लांबवला की सव्वादोन मीटर सहज व्यापतो. उरलेलं दीड मीटर अंगावरच्या ओझ्यासकट घसटत जाणं त्याला अशक्य नाही. म्हणून कव्हरला रुंद खांदा लागतो, अंगात वजन लागतं, पळत्या गड्याला धडक देऊन मैदानाबाहेर काढायची ताकद लागते. तोच चढाईपटू बोनस रेषेच्या मागं घोट्यात सापडला, तर त्याला अडीच मीटरहून जास्त फरफटत जावं लागतं. तेवढ्यात साखळी येऊन पडते. म्हणजे कोपऱ्यातल्या गड्याला माणूस पाडायचा नसतो. त्याला एक पाय, एक-दीड सेकंद, सोडायचा नसतो.

तो पाय मिळतो कधी, हेही पाहण्यासारखं आहे. बोनस घ्यायला चढाईपटूचं एक पाऊल रेषेपलीकडं टेकावं लागतं आणि मागचा पाय हवेत असावा लागतो. त्या क्षणी अख्खा माणूस एका घोट्यावर उभा असतो. उंच बचावपटूला तिथं पोचायला कंबरेतून वाकावं लागतं. बुटका मुळातच तिथं असतो. प्रदीप नरवालनं गाजवलेली डुबकी घ्या. साखळीच्या हातांखालून निसटण्याची ही युक्ती साखळी जितकी उंच, तितकी सोपी. बुटक्यांच्या हाताखालून जायला जागाच नसते.

उलट बाजू लपवण्यात अर्थ नाही. पायाकडं झेपावणाऱ्या बुटक्याच्या पाठीवरून हनुमान उडी मारून जाणारे चढाईपटू आता तालुक्याच्या सामन्यांतही दिसतात. आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. किशोर गटाचं मैदान ११ बाय ८ मीटरचं असतं. आठ मीटर रुंदीत जो कोपरा भक्कम वाटतो, तो दहा मीटरच्या मैदानावर गेला की मधल्या फटी उघड्या पडतात. तिथं लांब हातापायाचा पोरगा एका पावलात जे झाकतो, त्यासाठी आखूड पायाच्या पोराला दीड पाऊल टाकावं लागतं. ते जादा अर्धं पाऊल वेळेवर पडतं का, एवढं आम्हाला आज पाहायचं असतं.

वजनाचा नियम बुटक्याच्या बाजूचा आहे. मोठ्या गटातही ८५ किलोंची मर्यादा असते, त्यामुळं सहा फुटी माणसाला राक्षस होता येत नाही. तेच ८५ किलो साडेपाच फुटांच्या अंगात मांड्या-कंबरेत बसले, तर तो हलवायला जड जातो. पण चाचणीला येणारा बुटका पंधरा वर्षांचा असतो आणि बहुधा पंचेचाळीस किलोंचा असतो. समोरचा चढाईपटू काट्यावर बरोब्बर ५५ दाखवून आलेला. दहा किलोंचा हा फरक खरा आहे, जिद्दीनं तो भरून निघत नाही. म्हणून नुसता बुटका आणि बुटका असून हलकाही, या दोघांना मी वेगवेगळे धरतो. पहिल्याच्या मांड्या बघून कळतं. दुसऱ्याच्या बाबतीत घरचं विचारावं लागतं.

घरचं विचारलं की जामखेडची गोष्ट सुरू होते. बालाघाटाच्या कुशीतला हा अवर्षणाचा पट्टा. खर्डा, साकत, नान्नज, अरणगाव, कुठलंही गाव घ्या. दिवाळी झाली की कोयता घेऊन साखर कारखान्यांकडं निघणारी बिऱ्हाडं असतातच. शेजारच्या आष्टी-पाटोद्याचीही तीच तऱ्हा. फडावर वाढलेल्या पोराच्या ताटात पहिल्या काही वर्षांत काय पडलं, त्याचा हिशेब त्याच्या हाडांत उतरतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला, गावातल्याच बायांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं, आणि त्या सेविका घरोघर जाऊन कुपोषित मूल ओळखू लागल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लहान मूल काट्यावर का ठेवायचं, हे या तालुक्यानं कबड्डीच्या कितीतरी आधी शिकून घेतलं आहे. आमच्या टेबलाला मात्र अजून वाटतं, की उंची ही पोराची गुणवत्ता आहे. सरकारी क्रीडाप्रबोधिनीच्या चाचण्यांतही उंची मोजली जाते, तिला गुण असतात. बास्केटबॉलला ते ठीक. कबड्डीच्या कोपऱ्याला तीच पट्टी लावली, की ऊसतोड कामगाराचं पोरगं मैदानात उतरण्याआधीच मागं पडतं. त्यात चाचणी हंगामात आली तर ते यायचंच नाही. तेव्हा ते कारखान्यावर असतं.

मग टेबलाशी बसून पाहायचं काय?

पहिली गोष्ट डोळे. कच्चा बचावपटू चढाईपटूच्या तोंडाकडं बघतो. पक्का कंबरेखाली बघतो, कारण तोंड फसवतं, हातही फसवतात, अंगाचा भार कुठल्या पायावर आहे हे मात्र लपवता येत नाही. दुसरी गोष्ट हात. घोटा धरणं सोपं. धरल्यावर दोन्ही हातांची कडी बसते का आणि डोकं मांडीला चिकटतं का, यावर पकड टिकते. तिसरी गोष्ट पलीकडचा कोपरा. उजव्या कोपऱ्यानं झेप घेतली की डावा किती लवकर सरकतो, आणि डाव्यानं घेतली तर आपला बुटका काय करतो? स्वतःच्या पकडीत सगळेच शूर असतात.

चौथी गोष्ट फसलेल्या पकडी. बुटका झेपावला की प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पकड सुटली तरी वाजवतात. त्या टाळ्या वहीत लिहायच्या नसतात. जमलेली पकड एक गुण देते. फसलेली तोच गुण समोरच्याला देते आणि वर आपला गडी बाद करते. त्यामुळं निम्म्याहून जास्त पकडी जमत नसतील, तर तो पोरगा कितीही धाडसी असला तरी संघाला महाग पडतो. बुटक्यांमध्ये घाईचा दोष जरा जास्त दिसतो. आपण दिसावं म्हणून ते लवकर उडी मारतात. त्यात त्यांचा दोष थोडा, त्यांना एकाच सामन्याची संधी देणाऱ्यांचा जास्त.

माझी स्वतःची कसोटी वेगळी आहे. सात गड्यांच्या बचावात बुटका कोपरा खुलतोच, कारण साखळी धावून येते. मी त्याला तीन गड्यांत उभा करतो. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना धरलं तर ती अव्वल पकड, दोन गुणांची. पण मदतीला माणूस उशिरा येतो. घोटा त्यानं एकट्यानं धरून ठेवायचा असतो. तिथं पाच-सहा चढायांत जे दिसतं, ते पूर्ण सामन्यात दिसत नाही. जो तिथं थांबून, पाय आवाक्यात येण्याची वाट बघून, एकच झेप घेतो, त्याचं नाव मी उंची न विचारता लिहितो.

एक वाक्य मात्र माझ्या टेबलाशी चालत नाही : 'सर, अजून वाढंल की तो.' बाप म्हणतो, मामा म्हणतो, कधी आमचाच एखादा पंच म्हणतो. वाढेलही. पंधराव्या वर्षी मिसरूड फुटलेला पाच फूट आठ इंची पोरगा बहुतेक वाढून झालेला असतो आणि त्याच्यासमोर मार खाणारा चिमुकला अजून वाढायचा असतो, हे खरंच आहे. पण वाढीच्या भरवशावर निवडलेला पोरगा वाढला नाही, की त्याचा सगळा खेळ फुकट ठरतो. त्यापेक्षा तो आहे एवढाच राहणार असं धरून निवडावा.

उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकीत हाच पेच असतो, आणि तिथं तर वजनाला मर्यादाही नाही. लेन हटसन नावाचा पाच फूट नऊ इंची बचावपटू २०२२ च्या निवडीत दुसऱ्या फेरीत, ६२ व्या क्रमांकावर मॉन्ट्रियलनं घेतला. पोराची हाडं अजून वाढणार आहेत असं डॉक्टरचं पत्र त्यानं संघांपुढं ठेवल्याची चर्चा झाली होती. २०२५ साली तो तिथल्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, तो त्या पत्रापायी नव्हे, बर्फावर चकती राखण्याच्या हातोटीपायी.

आपल्याकडं आता या निवडीला पैशाचीही धार आली आहे. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली, आणि तिच्या लिलावात एक कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठला तो २०१८ साली इराणच्या फझल अत्राचलीनं. तो चढाईपटू नव्हे, डावा कोपरा. त्याच हंगामात नितेशकुमारनं उजव्या कोपऱ्यातून एका हंगामात पकडींचे शंभर गुण घेतले. आधी कुणी घेतले नव्हते. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणनं उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ असं हरवलं, तेव्हा बचावाची किंमत सगळ्यांनाच कळली. आमच्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार हांगझोऊच्या सुवर्णविजेत्या संघात होता, पुणेरी पलटणला त्याच्याच नेतृत्वाखाली विजेतेपद मिळालं, म्हणून इथल्या प्रत्येक पोराला चढाईपटू व्हायचं असतं. कोपऱ्यात उभं राहायला कुणी मागत नाही. ती जागा रिकामी आहे, आणि आमच्या बुटक्या पोरांना ती साजते.

म्हणून निवडणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. बुटका बचावपटू घ्यायचा तर दया म्हणून घेऊ नका. कोपऱ्यासाठी घ्या, तीन गड्यांत तपासून घ्या, आणि घेतल्यावर दोन हंगाम त्याला त्याच कोपऱ्यात खेळू द्या. पहिल्या पराभवानंतर कव्हरला उभा करून 'बघा, उंची कमी पडली' असं म्हणायचं असेल, तर त्याला संघात घेऊच नका.