गडग्यापलीकडे

प्रिय काकी,

आरे-वाऱ्याच्या वरच्या वळणावर गाड्या थांबतात, माणसं दोन्ही किनाऱ्यांचे फोटो काढतात आणि गणपतीपुळ्याला निघून जातात. मला मात्र तिथे आलं की तुझी पडवी आठवते आणि आषाढातली ती रात्र. समुद्राच्या गाजेत शेजारचं काही ऐकू येत नाही, असं सगळी वाडी म्हणायची. ऐकू यायचं, काकी. तू कंदील घेऊन गडगा ओलांडलास, मार खाल्लेल्या शेजारणीला घरी आणलंस, कपाळावर हळद दाबलीस. सकाळी ती परत गेली. “घर त्यांचं, आपण काय बोलणार?” एवढंच तू म्हणालीस.

आता बोलता येतं, म्हणून लिहितेय. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमात तू आहेस. घरात मारहाण होतेय असं ज्याला वाटतं, त्या कुणालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याबद्दल उलट खटला होत नाही. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सुनेला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये स्पष्ट केलं. नवरा तुरुंगात जाईल, या भीतीने बायका गप्प बसतात. पण या कायद्यात आधी मिळतो तो त्याला आवरणारा आदेश. तो मोडला, तरच शिक्षेचा प्रश्न.

बायकांच्या बाजूचे कायदे आयते मिळालेले नाहीत गं. 1972मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. तेव्हा 1979मध्ये वसुधा धागमवार, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. 8 मार्च 1980ला बायका शहराशहरांत रस्त्यावर आल्या आणि 1983मध्ये बलात्काराचा कायदा बदलावा लागला. चौघांच्या सह्यांचं एक पत्र होतं ते! माणसं पाठीशी उभी राहिली म्हणून त्याचा कायदा झाला. आणि तशीच ती उभी राहिली नाहीत, तर झालेला कायदाही कपाटात पडून राहतो.

म्हणून तुला गळ घालतेय. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते. तिथे तू ठराव मांड: संरक्षण अधिकाऱ्याचं नाव, फोन आणि महिला हेल्पलाइनचा 181 हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक लिहावा, आणि तक्रार करणाऱ्या बाईला वाडीने वाळीत टाकू नये. वाळीत टाकण्याविरुद्ध तर राज्याचा 2016चा कायदाच आहे. कुणी म्हणेल, घरातलं चव्हाट्यावर कशाला? त्याला त्या रात्रीचं सांग, नाव न घेता.

मी सभेच्या आदल्या संध्याकाळी पोचते. तिथली मतदार असते, तर अनुमोदन मीच दिलं असतं. गडग्यापलीकडे जाऊन तिलाच विचारशील का?

तुझी,
बाळी